उठून बाजू घ्या

स्प्रेग टेकडी, नॉर्थ एल्डन, न्यू हॅम्पशायर
१८ मार्च १९५१

प्रिय आयडेला,

तुझं पत्र आणि हातमोजे मिळाले. हातमोजे छान आहेत, पण सध्या मला ऊब लागत नाही. डोकंच इतकं तापलेलं आहे.

तुझा भाऊ अजून गावच्या दफनभूमीतल्या दगडी खोलीत आहे. जमीन गोठलेली, मे महिन्याआधी कुदळ लागायची नाही म्हणतात. त्याच्या सोबतीला म्हातारी मिसेस ड्रू आणि कोणीतरी परगावचा लाकूडतोड्या. वेंडेलला परक्या माणसांत कधी झोप लागली नाही, आणि आता हे.

मंगळवारी गावसभा झाली. मी गेले. लग्नानंतर दरवर्षी जात आलेय, पण ते चर्चच्या बायकांबरोबर जेवण वाढायला. सभेत बसायचा तो. या वेळी काळा झगा घालून पहिल्या रांगेत बसले. एकानं माझ्याकडे नजर उचलून पाहिलं असेल तर शपथ. शाळेच्या छपरावर दोन तास बोलले, कुत्र्यांच्या परवान्यावर बोलले. जिच्या रस्त्यापायी नवरा गेला ती समोर बसली होती, तिच्यावर अवाक्षर नाही.

तू हार्टफर्डला असतेस, तुला सगळं नीट सांगते. माझ्या आजोबांनी फोडलेला हा टेकडीचा रस्ता. गेल्या वर्षीच्या सभेत तो गावानं सोडून दिला. म्हणजे यापुढे दुरुस्ती नाही, हिवाळ्यात बर्फ काढणं नाही. वर एकच घर उरलंय, कशाला करायचं, असं कारण. पण केलं कसं ते ऐक. तीन कारभाऱ्यांतला मोठा, रॉइस टटल, त्यानं हा विषय जेवणानंतर घेतला, अगदी शेवटी. टेकड्यांवरचे सगळे जण तेव्हा धारांसाठी घरी निघतात, दरवर्षीच निघतात, गाई काही सभा संपायची वाट बघत नाहीत. मागे उरले गावातले. वेंडेल घरी आला तो अंधार पडताना. ट्रक चिखलात रुतला म्हणाला. धारा मी एकटीनंच काढल्या होत्या. म्हणाला, "व्हर्ना, आम्ही निघालो आणि मागे त्यांनी रस्ता मोडला." आणि जेवला नाही.

मग या फेब्रुवारीत, रविवारी सकाळी, तो गोठ्यात कोसळला. मी डॉक्टर प्रॅटना फोन केला. त्यांनी गाडी टेकडीखाली सोडली आणि कमरेएवढ्या बर्फातून चालत आले. सत्तरीचे आहेत ते. पोचले तोवर वेंडेलचे डोळे मी मिटले होते.

टटल अंत्यविधीला हॅम घेऊन आला होता. तो मी त्याच्यादेखत कुत्र्याला घातला.

तू लढाईच्या दिवसांत वॉशिंग्टनला मोठमोठ्या वकिलातींच्या बैठकांत बसून टिपणं घ्यायचीस. सभेत माणसाला कसं आडवं करतात ते तुला ठाऊक असणार. मला शिकव. टटल मिल रोडच्या टोकाला राहतो, तिथेही एकच घर, त्याचं. त्याचा रस्ता मला हवा आहे. त्याच सभेत, तसाच, जेवणानंतर. त्याच्या दारात छातीएवढा बर्फ साचलेला पाहीन तेव्हाच मला झोप येईल.

तुझी
व्हर्ना

* * *

हार्टफर्ड, कनेटिकट
२ एप्रिल १९५१

प्रिय व्हर्ना,

हॅम कुत्र्याला घातलास हे वाचून मी हसले आणि मग रडले. वेंडेलला हॅम फार आवडायचा.

आधी माझं म्हणणं ऐक, मग तुझं ऐकते. ती टेकडी विकून टाक. इथे ये. मी संध्याकाळच्या शाळेत पोलंडहून आलेल्या लोकांना इंग्रजीचं व्याकरण शिकवते, शाळेच्या खानावळीला बाई हवी आहे, आणि माझ्याकडे एक खोली रिकामी आहे. वेंडेलला खालच्या दफनभूमीत आमच्या कोल्बी मंडळींजवळ ठेव. त्याला ते आवडलं असतं. का ते विचारू नकोस, मी त्याची बहीण आहे, मला कळतं.

ऐकणार नाहीस ना? माहीत होतं. मग हे घे.

वॉशिंग्टनला एकदा एका बंदरावरून दोन देशांची माणसं भांडत होती. देशांची नावं अजूनही सांगायची नाहीत, सह्या करून घेतल्या आहेत आमच्याकडून. एका बाजूचा म्होरक्या बुटका, सदा पेंगलेला. त्यानं सगळी सकाळ एकाच गोष्टीवर घालवली, कुठला विषय आधी आणि कुठला नंतर. सगळे कंटाळले. शेवटी बंदर जेवणानंतर घ्यायचं ठरलं. समोरच्या म्होरक्याचं पोट नाजूक होतं, जेवला की त्याला घटकाभर आडवं व्हावंच लागे, आणि हे बुटक्याला माहीत होतं. तो उठून परत येईपर्यंत बंदर गेलेलं. तेव्हा टटलनं काही नवं केलेलं नाही, बाई. जगाची वाटणी अशीच होते.

तू आधी वर्षभर काहीच करू नकोस. सगळ्या सभांना जा, गावसभा वर्षात एकदा, पण कारभाऱ्यांची बैठक पंधरवड्याला असते, तिथे कोणी फिरकत नाही. तू फिरक. गप्प बस. बसलेल्या माणसाची लोकांना आधी भीती वाटते, मग सवय होते, आणि सवय झाली की ते तुझ्यासमोर बोलायला लागतात.

दुसरं असं की सभेत कोणी काही करत नाही, हे तुझ्या लक्षात आलंय का? ठरलं. मान्य झालं. रद्द झालं. सगळं आपोआप. माझ्या पोलिश विद्यार्थ्यांना हे फार विचित्र वाटतं, त्यांना कर्ता लागतो. तूही विचार: कोणी? एवढा एकच शब्द. त्यानं मोठमोठ्यांची बोबडी वळलेली मी पाहिली आहे.

आणि एक नियम पाठ कर. झालेल्या मतदानाचा फेरविचार त्याच सभेत मागता येतो, पुढचा विषय घेण्याआधी. पण तो मागायचा जिंकलेल्या बाजूच्या माणसानंच. हरलेल्यानं कितीही डोकं आपटलं तरी उपयोग नाही. आपल्या माणसांतलं कोणी ऐन वेळी विरघळणार असेल तर ते आधीच ओळखून ठेव.

हे सगळं लिहिलं खरं. तरी म्हणते, खोली रिकामी आहे.

तुझी
आयडेला

* * *

स्प्रेग टेकडी
२१ ऑक्टोबर १९५१

प्रिय आयडेला,

वेंडेलला मे महिन्यात वरच ठेवलं, माझ्या आईवडिलांशेजारी, सफरचंदांच्या मागच्या कुंपणात. कोल्बी मंडळींना काय करायचंय त्याचं? आयुष्यभर तो या टेकडीवर राबला. सकाळी दूध घेऊन जाताना मी त्याच्याशी दोन शब्द बोलते. टटलची खबर देते.

तू सांगितलंस तशी बैठकांना जाते आहे. पहिल्या दिवशी मी जाऊन बसले तर तिघा कारभाऱ्यांची तोंडं बघायची होतीस. टटल म्हणाला, "मिसेस कोल्बी, काही काम होतं?"

म्हटलं, "नाही. बसायला आलेय."

"इथे नुसतं पुलांचं आणि गटारांचं चालतं."

"मला गटारं आवडतात."

आता सवय झाली आहे. टटल स्टोव्हजवळची खुर्ची माझ्यासाठी ओढून ठेवतो. मी तिच्यावर बसत नाही, दाराजवळच्या बाकावर बसते. खुर्ची बैठकभर रिकामी. त्याला बोचावं म्हणूनच.

तुझा तो शब्द गेल्या बैठकीत काढला. टेकडीच्या रस्त्याच्या जुन्या पाट्या उपटायचं चाललं होतं, तेव्हा मी उठले. म्हटलं, "या रस्त्याचा विषय गावसभेपुढे कोणी आणला?"

टटल कागद चाळत राहिला. दुसरा कारभारी, हॉइट, एकदम खिडकीबाहेर बघायला लागला, जसा काही तिथून हत्ती चाललाय.

"रीतसर आला," टटल म्हणाला.

"कोणाकडून?"

"एका मतदाराकडून."

"त्याला नाव असेल."

"असेल. मी सांगणार नाही."

काय लाल झाला होता म्हणून सांगू. मला तेव्हाच कळलं. तो मतदार म्हणजे तो स्वतःच, दुसरं कोण? आपलंच पाप 'एका मतदारा'च्या नावावर. नाव घ्यायची छाती नाही, आणि गावाचा कारभार करतोय.

बाहेर पडताना मागोमाग आला. टोपी हातात. म्हणाला, "व्हर्ना, बर्फ पडला की मी माझ्या ट्रकनं वर येत जाईन. गावाच्या नव्हे, माझ्या. तुझा रस्ता मी मोकळा ठेवीन."

म्हटलं, "रॉइस टटल, माझ्या फाटकाच्या आत चाक घातलंस तर चारी टायर फाडीन. दयेचा बर्फ काढायला आलाय."

 त्याची बायको ओर्फा ट्रकमध्ये बसली होती, तिचा दमा हल्ली फार वाढलाय, दर आठवड्याला डॉक्टर प्रॅट तिच्याकडे जातात. गाडीनं जातात, अगदी दारापर्यंत. तो नीट झाडलेला रस्ता बघितला की माझा जळफळाट होतो.

पुढच्या मार्चला मी काहीच करणार नाही. बसून राहीन. त्याच्या पुढच्या मार्चला बघ.

तुझी
व्हर्ना

* * *

हार्टफर्ड
९ नोव्हेंबर १९५१

प्रिय व्हर्ना,

तो शब्द मी तुला उगाच शिकवला. तुझं पत्र आल्यापासून मनाला चुटपुट लागली आहे.

टटलला मी लहानपणापासून ओळखते. ठोंब्या आहे, पण पाठीमागून वार करणारा नाही. 'एक मतदार' म्हणाला तर एक मतदार असेल. त्याच्या मागे लागू नकोस. बर्फ काढायला येतोय तर येऊ दे त्याला. आणि वेंडेलला कबरीतून रोज टटलचं नाव ऐकवू नकोस, त्याला सोसायचं नाही.

यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही. थँक्सगिव्हिंगच्या सणाला इकडे येतेस का? तिकीट मी पाठवते.

तुझी
आयडेला

* * *

स्प्रेग टेकडी
१५ फेब्रुवारी १९५३

प्रिय आयडेला,

मध्यंतरी मी फार लिहिलं नाही, कारण तू प्रत्येक पत्रात खोली रिकामी आहे म्हणून सांगायचीस आणि मला तेच तेच ऐकायचा वीट आला होता. पण आता सांगितल्याशिवाय राहवत नाही. जुळलं सगळं.

दोन वर्षं मी अशी मवाळ होऊन बसले की गाव माझ्यावर खूश आहे. "व्हर्ना सावरली हो." या वर्षी गावसभेच्या जेवणाची मुख्य मलाच केली आहे. हॉइटची बायको म्हणाली, "तुझ्या हातच्या बीन्सना चव आहे." आहेच. हॅम, बीन्स, बटाट्याचं सॅलड, तीन तऱ्हेचे केक, मेपलचा पाक घातलेलं कस्टर्ड. इतकं जड जेवण नॉर्थ एल्डननं आजवर जेवलं नसेल. गावातल्यांची घरं दोन पावलांवर. जेवतील, सुस्तावतील, आणि 'आता काय, उरलेसुरले विषय' म्हणून घरी जाऊन पाय ताणतील. टेकडीवाले धारांना जाणारच, मग मोडता कोण घालणार, हा त्यांचा हिशेब. वर्षानुवर्षांचा.

पण यंदा टेकडीवाले जाणार नाहीत. मी हिवाळाभर घरोघर हिंडले आहे. प्रत्येक घरातून एक जण मागे राहून धारा काढणार, बाकीचे सगळे सभेत, अगदी शेवटपर्यंत. त्यांनाही ती जेवणानंतरची चलाखी जिव्हारी लागलेली आहे. क्लिफ्टन ड्रू तर म्हणाला, "व्हर्ना, मी खुर्चीला खिळे मारून घेतो."

दोन विषय आहेत, सह्यांसकट रीतसर दिलेले, म्हणून टटलला ते घ्यावेच लागले. शेवटून दुसरा, मिल रोड गावानं सोडून द्यावा, कारण त्याच्या टोकाला एकच घर आहे. शब्दन् शब्द माझ्या रस्त्याच्या ठरावाचाच ठेवलाय. आणि शेवटचा, टेकडीचा रस्ता गावानं परत घ्यावा. विषयपत्रिका दुकानावर लागली तेव्हा टटल तिच्यासमोर उभा होता. मी मुद्दाम शेजारी जाऊन उभी राहिले.

"ओर्फाला डॉक्टर लागतो, व्हर्ना," एवढंच म्हणाला.

म्हटलं, "वेंडेललाही लागला होता."

तुझ्या त्या बुटक्या म्होरक्याला कळव, त्याची शिष्या तयार झाली म्हणून.

तुझी
व्हर्ना

* * *

हार्टफर्ड
५ मार्च १९५३

प्रिय व्हर्ना,

हे मी जलद टपालानं पाठवते आहे. दोन वर्षं जी गोष्ट गिळून बसले ती आता सांगते. वेंडेलला मी शब्द दिला होता, पण जिवंत माणसाचा रस्ता जाणार असेल तर मेलेल्याला दिलेला शब्द मी मोडते.

तो मतदार वेंडेल होता.

त्याच्या शेवटच्या थँक्सगिव्हिंगला मी तुमच्याकडे आले होते. तू स्वयंपाकघरात होतीस. तो मला गाई दाखवतो म्हणून गोठ्यात घेऊन गेला आणि बादलीवर बसून त्यानं सगळं सांगितलं. त्याचं हृदय दोन वर्षांपासून खराब होतं. डॉक्टर प्रॅटनी बजावलं होतं, टेकडी सोड, गाई सोड, नाहीतर जाशील. तुला सांगायची त्याची हिंमत झाली नाही. टेकडी तुझ्या बापाची, तो घरजावई. त्यानं तुला दोनदा विचारलं होतं म्हणे, विकू या का, आणि तू म्हणालीस, इथून मी आडवी होऊनच जाईन. मग त्यानं टटलला जाऊन सांगितलं, तो रस्ता बंद कर. रस्ता गेला की व्हर्ना आपणहून खाली येईल, मला तिला हरवावं लागणार नाही. टटल नको म्हणत होता. वेंडेलनं त्याच्याकडून गप्प राहायचं वचन घेतलं.

आणि त्या दिवशी तो धारांसाठी निघालेला नव्हता, व्हर्ना. शेवटपर्यंत बसला होता. मत हात वर करून मोजता येईना म्हणून सभापतींनी 'उठून बाजू घ्या' म्हटलं, 'हो'वाले एका भिंतीला, 'नाही'वाले समोरच्या. वेंडेल उठला आणि 'हो'च्या भिंतीकडे गेला. तिथे असलेल्या प्रत्येकानं पाहिलं. टेकडीवाले निघून गेले होते, म्हणून त्यांना माहीत नाही. गावाला माहीत आहे.

मी त्याला म्हटलं होतं, तिला सांग. म्हणाला, वसंतात सांगतो.

तुझा विषय मागे घे. आणि हे पत्र उशिरा पोचलं, मतदान होऊन गेलं असेल, तर तो नियम आठव. जिंकलेल्या बाजूच्या माणसालाच फेरविचार मागता येतो. म्हणजे तुलाच. ऊठ, व्हर्ना. ओर्फानं तुझं काही वाकडं केलेलं नाही.

मला क्षमा कर.

आयडेला

* * *

स्प्रेग टेकडी
११ मार्च १९५३

आयडेला,

पत्र वेळेवर पोचलं. काल सकाळी बीन्सची पातेली घेऊन खाली गेले, तेव्हा पोस्टातली मिसेस हॉइट ते हातात घेऊन पायरीवर उभी होती. सभागृहाच्या स्वयंपाकघरात ओव्हनशेजारी उभी राहून वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. मग बीन्स ढवळले, कारण खाली लागत होते.

त्यानंतर मी जेवण वाढलं. एकेकाच्या ताटात चमचा टाकताना एकेकाचा चेहरा बघत होते. हॉइट. दुकानदार पाइक. गिरणीवाले दोघे भाऊ. "वा, व्हर्ना, काय बीन्स झालेत." यानंही पाहिलंय. यानंही. याच्या बायकोनं मला अंत्यविधीला छातीशी धरलं होतं. सगळ्यांनी पाहिलंय, आणि दोन वर्षं माझ्या हातचं खातायत.

पुढचं सगळं ठरवल्याप्रमाणे झालं. गावातले निम्मे जेवून घरी गेले. टेकडीवाले जागचे हलले नाहीत. तीन वाजून गेले तरी कोणी टोपी उचलेना, तेव्हा टटलनं मान वळवून मागं पाहिलं. त्याला समजलं. ओर्फा शाल पांघरून त्याच्याशेजारी बसली होती, श्वासाचा आवाज माझ्यापर्यंत येत होता.

सभापती ॲमिडननं मिल रोडचा विषय वाचला. मी उठले. म्हटलं, "सभापती महाशय, तीन वर्षांपूर्वी या खोलीत टेकडीचा रस्ता बंद झाला. तो विषय कोणी आणला, हे मला मिस्टर टटलकडून ऐकायचं आहे."

टटल उठला. "मिसेस कोल्बी, मी शब्द दिलाय."

"कोणाला?"

"तेही सांगायचं नाही असाच शब्द आहे."

"तुझा रस्ता जाईल आज."

"दिसतंय," तो म्हणाला आणि खाली बसला.

आयडेला, मी मनातल्या मनात त्याला हात जोडत होते, बोल म्हणून. त्यानं सांगितलं असतं तर मी त्याला खोटारडा म्हटलं असतं, भांडले असते, आणि तुझं पत्र स्टोव्हमध्ये घातलं असतं. तो बोलला नाही. मग मी बोलले. म्हटलं, "मी सांगते. वेंडेल कोल्बीनं. आणि तो उठून त्या भिंतीकडे गेला, ते इथल्या गावकऱ्यांनी पाहिलं. हॉइट, तू पाहिलंस. पाइक, तू पाहिलंस. मी इथे पहिल्या रांगेत काळे कपडे घालून बसले होते, तेव्हा तुमच्यातल्या एकाला तरी तोंड उघडायचं होतं."

गावातले सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. क्लिफ्टन ड्रूनं आ वासला होता.

ॲमिडन चांगला माणूस आहे. म्हणाला, "मिसेस कोल्बी, मग हा विषय मागे घ्यायचा का?"

सगळ्यांना वाटलं, आता ही घेणार. मलाही वाटलं. माझ्या तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात टटलनं वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांत सुटल्यासारखं काहीतरी होतं, आणि माझं डोकं फिरलं. त्यानं शब्द पाळला, मान्य. पण शब्द दिला कशाला? माझ्या आजोबांचा रस्ता, माझ्या बापाचं घर. दोन पुरुष कुठेतरी उभे राहून बोलले आणि माझा रस्ता गेला. 'आधी घरी जाऊन व्हर्नाला सांग', एवढं एक वाक्य टटल त्याला म्हणाला असता तर? मला कळलं असतं की त्याचं हृदय चाललंय. मी टेकडी विकली असती, आयडेला. आडवी होऊनच जाईन म्हणाले होते, ते गाई आणि गवत यांच्यावरून म्हणाले होते. वेंडेलवरून कोणी विचारलंच नाही मला. दोनदा मी नाही म्हटलं, तर तिसऱ्यांदा त्यानं मला न विचारता गावाला विचारलं.

मी म्हटलं, "मागे घेत नाही. आणि हात मोजू नका. उठून बाजू घ्यायला सांगा. मला बघायचं आहे."

उठले. टेकडीवाले 'हो'च्या भिंतीला, मीही. टटल आणि ओर्फा समोरच्या भिंतीला, गावातले उरलेले त्यांच्यासोबत. पाइक मध्येच घुटमळला आणि आमच्या बाजूला आला, लाजेनं म्हणा, भीतीनं म्हणा. पाच मतांनी मिल रोड गेला.

सगळे जागेवर बसल्यावर ॲमिडननं पुढचा विषय लगेच वाचला नाही. चष्मा पुसत म्हणाला, "जिंकलेल्या बाजूच्या कोणाला फेरविचार हवा असेल, तर आत्ताच उठावं." माझ्याकडे बघतच म्हणाला. ओर्फाही माझ्याकडे बघत होती. टटल नव्हता बघत.

मला ओर्फाचं वाईट वाटलं. खरंच वाटलं. मी दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसले.

मग शेवटचा विषय, माझा रस्ता. मत आमच्या हातात होतं, नुसता हात वर करायचा अवकाश. मी उठले आणि म्हटलं, "हा विषय सोडून द्यावा." क्लिफ्टन ओरडलाच, "अगं बाई, वेड लागलंय का तुला?" ॲमिडननं दोनदा विचारलं. दोनदा तेच सांगितलं. विषय सोडून दिला आणि सभा संपली.

बाहेर टटल ओर्फाला ट्रकमध्ये चढवत होता. पानगळीपर्यंत त्यांना घर सोडून खाली यावं लागणार, पुढचा हिवाळा ती तिथे काढू शकत नाही. मला बघून थांबला. रागावला नव्हता, तेच मला सहन झालं नाही. म्हणाला, "माझा घेतलास, ते समजलं. पण स्वतःचा का सोडलास?"

म्हटलं, "माझ्या नवऱ्याला तो बंद हवा होता. नवऱ्याच्या शब्दाबाहेर मी कशी जाऊ?"

वेंडेलला मला खाली आणायचं होतं. आता मी वरच राहणार, आणि तोही वरच राहणार. सकाळी दूध घेऊन त्याच्या कबरीशेजारून गेले. बोलले नाही. यापुढे बोलणार नाही.

राहिलीस तू. तू मला सभेत बसायला शिकवलंस, गप्प राहायला शिकवलंस. स्वतः गप्प राहण्यात किती तयार आहेस, तेवढं सांगायचं राहून गेलं. पहिल्याच पत्रात लिहिलं असतंस तर मी तुझ्याशी भांडले असते, आणि तुझ्या त्या रिकाम्या खोलीत येऊन भांडले असते. तू मला त्याऐवजी नियम शिकवत बसलीस. ओर्फाच्या दाराशी बर्फ साचेल तेव्हा त्यातला निम्मा तुझा.

आज खाली येऊन पोस्टातली माझी पत्रांची पेटी सोडली. हे शेवटचं इथेच काउंटरवर उभी राहून लिहितेय. मिसेस हॉइटनं विचारलं, हार्टफर्डहून काही आलं तर काय करू? म्हटलं, परत पाठव.

व्हर्ना